उमराणीचे पाणी

जत तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेकडच्या पट्ट्यात, उमराणी नावाचे गाव आहे. मराठी आणि कानडी या भागात एकाच घरात नांदतात. १५ एप्रिल १६७३ रोजी या गावाच्या परिसरात आदिलशाहीचा बलाढ्य सरदार बहलोलखान आपल्या फौजेसकट कोंडला गेला. सभोवार प्रतापराव गुजरांचे घोडदळ होते आणि पाण्याची वाट मराठ्यांनी आधीच रोखली होती. खानाने रदबदली केली आणि तो सुटला. पुढे वर्ष पुरे व्हायच्या आत, २४ फेब्रुवारी १६७४ च्या महाशिवरात्रीला, या दोघांची नेसरीच्या खिंडीत पुन्हा गाठ पडली आणि प्रतापराव सहा साथीदारांसह पडले. नेसरी महाराष्ट्रातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. उमराणीचे नाव सांगलीबाहेर फारसे कुणाच्या तोंडी नसते.

या दोन लढाया मी नेहमी जोडीने वाचतो. दोन्हीकडे एका मुरलेल्या लढवय्याला समोरची, भर उजेडात दिसण्याजोगी गोष्ट दिसली नाही. उमराणीला हे खानाच्या वाट्याला आले, नेसरीला प्रतापरावांच्या. दोघांपैकी कुणाची नजर अधू नव्हती की अनुभव तोकडा नव्हता. मन मात्र एकाच जागी इतके रुतले होते की आजूबाजूचे असूनही नसल्यासारखे झाले. माणसाच्या या गुणधर्मावर गेल्या पन्नास वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ प्रयोग केले आहेत. पण जतच्या माळावर आणि गडहिंग्लजच्या डोंगरात त्याची किंमत साडेतीनशे वर्षांपूर्वीच मोजली गेली होती.

सुरुवात पन्हाळ्यापासून करावी लागते. २४ नोव्हेंबर १६७२ रोजी विजापूरचा दुसरा अली आदिलशहा वारला. गादीवर बसवला गेला त्याचा मुलगा सिकंदर, जेमतेम चार वर्षांचा. कारभार खवासखानाने हातात घेतला आणि दरबारात उभी फूट पडली. दख्खनी आणि हबशी एका बाजूला, बहलोलखानाचे पठाण दुसऱ्या बाजूला. कोण कुणाला कधी पकडेल याचा नेम उरला नाही. साऱ्या विजापूरचे डोळे एका लहान मुलाच्या गादीकडे लागले होते, आणि सरहद्दीवरचे किल्ले कसे आहेत हे पाहायला कुणी मोकळे नव्हते.

शिवाजी महाराज मोकळे होते. पन्हाळा त्यांना हवाच होता. अफझलखानाच्या वधानंतर १६५९ मध्ये तो त्यांनी घेतला आणि पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरच्या वेढ्यानंतर सोडला. जानेवारी १६६६ मध्ये त्यांनी स्वतः मोठ्या फौजेनिशी रात्री छापा घातला, पण गडावरचे लोक जागे होते. मराठ्यांची सुमारे हजार माणसे कामी आली आणि महाराजांना विशाळगडाकडे मागे फिरावे लागले. सात वर्षांनी, ६ मार्च १६७३ च्या रात्री, तोच गड कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी घेतला. फाल्गुन वद्य त्रयोदशीची रात्र होती. चंद्र उगवणार तो पहाटेच, आणि तोही नावापुरता. अण्णाजी दत्तो मागे कुमक घेऊन थांबले होते. कोंडाजीची माणसे ज्या बाजूने चढली, त्या बाजूचा कडाच पहारेकऱ्याचे काम करतो असे गडावरच्यांनी धरलेले असावे. वर पोचल्यावर त्यांनी वेगवेगळ्या जागी कर्णे फुंकले, असे सांगतात. झोपेतून उठलेल्या शिबंदीला चारी दिशांनी फौज चढून आल्याचा भास झाला. किल्लेदार कोंडाजीच्या हातून मारला गेला आणि उरलेल्यांची दाणादाण उडाली.

हजारोंना जे जमले नाही ते साठांना जमले. १६६६ मध्ये गड मराठ्यांची वाट पाहत होता, १६७३ मध्ये त्याला मराठ्यांची आठवणही नव्हती. तट तेच, कडे तेच, तोफाही त्याच. शिबंदीचे लक्ष तेवढे उठले होते. जयराम पिंड्ये या कवीने याच विजयावर ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले. महाराजांच्या हयातीतले हे काव्य पुढे उमराणीपर्यंत येते, म्हणून जतच्या इतिहासाच्या दृष्टीनेही ते मोलाचे आहे.

पन्हाळा गेल्याची बातमी विजापुरात पोचताच दरबाराला खडबडून जाग आली. एप्रिलच्या आरंभी परळीचा किल्लाही गेला. गेलेला पन्हाळा परत आणायची कामगिरी बहलोलखानावर आली. त्याचे मूळ नाव अब्दुल करीम. घराणे अफगाण, हाताखाली पठाणांचे कडवे घोडदळ. बखरकार सभासदाने त्याच्या फौजेचा आकडा बारा हजार दिला आहे. विजापूरहून पन्हाळ्याकडे म्हणजे पश्चिमेला निघाले की जतचा प्रदेश वाटेतच लागतो. हा मुलूख तेव्हा आदिलशाहीचाच होता. पुढे ज्यांचे संस्थान झाले ते डफळे त्या काळी विजापूरचेच मानकरी होते. म्हणजे खान आपल्याच घरच्या अंगणातून चालला होता. शत्रू दूर पन्हाळ्यावर होता आणि मधली वाट आपली होती. खानाच्या मनात हा नकाशा पक्का असणार, असे पुढच्या घडामोडींवरून वाटते.

महाराजांचा नकाशा वेगळा होता. खान पन्हाळ्याच्या पायथ्याशी येईपर्यंत थांबायचेच नाही, त्याला त्याच्याच मुलखात गाठायचे, असे ठरले. कामगिरी सरनौबत प्रतापराव गुजरांवर सोपवली गेली, सोबत आनंदराव आणि इतर सरदार.

प्रतापराव हे खटाव तालुक्यातल्या भोसऱ्याचे. मूळ नाव कुडतोजी. ‘प्रतापराव’ ही महाराजांनी दिलेली पदवी. माणूस नुसता तलवारीचा नव्हता. संभाजीराजांच्या वतीने औरंगाबादेत शहजादा मुअज्जमच्या छावणीत ते काही काळ मराठी पथकासह राहिले होते, त्यामुळे मुघलांची चालचलणूक त्यांनी आतून पाहिली होती. १६७० च्या अखेरीस, मुघलांचे चित्त इतरत्र असताना, मराठी घोडदळ थेट वऱ्हाडात घुसले आणि त्यांनी कारंजासारखी धनाढ्य पेठ लुटली. तिथे मराठे येतील असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. १६७२ मध्ये साल्हेरच्या मैदानात मोरोपंत आणि प्रतापरावांनी मुघलांचा उघड्यावर पराभव केला. शत्रूचे लक्ष कुठे आहे हे ओळखायचे आणि जिथे ते नाही तिथे जाऊन पोचायचे, ही विद्या प्रतापरावांच्या अंगवळणी पडलेली होती. हे ध्यानात ठेवले तरच नेसरीचे दुःख नीट कळते.

मराठी घोडदळ मजला मारत आले आणि उमराणीजवळ त्याने खानाला गाठले. इथे प्रतापरावांनी आधी हात घातला तो पाण्याला. पाण्याची जागा मराठ्यांनी धरली आणि छावणीचा तिच्याशी संबंध तोडला. लढाईला तोंड लागण्याआधीच निम्मे काम झाले होते.

पाण्याचे हे प्रकरण जरा जवळून पाहण्याजोगे आहे, कारण युद्धाच्या वर्णनांत ते एका वाक्यात उरकले जाते. राबणारा घोडा उन्हाळ्यात दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो. सरासरी तीस धरली, आणि सभासदाचा आकडा मानला, तर बारा हजार घोड्यांना रोजचे तीन लाख साठ हजार लिटर लागणार. आजच्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबाने छत्तीस टँकर. जतच्या लोकांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. यात माणसे धरलेली नाहीत, बैल, उंट आणि हत्ती धरलेले नाहीत, रांधायचे पाणी धरलेले नाही. तहानलेला माणूस एखादा दिवस कळ काढतो, घोडा काढत नाही. पाणी नाही मिळाले की तो आधी वैरण सोडतो, मग त्याचा पाय जड होतो, आणि जड पायाचा घोडा घेऊन पठाणाने तलवार कितीही फिरवली तरी उपयोग काय? एप्रिलचे ऊन, वर्षाला वीस-बावीस इंच पाऊस पडणारा खडकाळ मुलूख, ओढे कोरडे पडलेले. अशा जागी मोजक्याच पाणवठ्यांवर सगळ्या फौजेचा जीव टांगलेला असतो.

खान या भागाला नवखा नव्हता, त्याला हे ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. पण ठाऊक असणे वेगळे आणि ऐन वेळी ध्यानात येणे वेगळे. त्याचे लक्ष पन्हाळ्यावर होते. पन्हाळ्याला वेढा कसा घालायचा, तोफा कुठून चढवायच्या, दरबारात खवासखान मागे काय करत असेल, या विचारांच्या गर्दीत एक पाणवठा कुठे बसणार? आपल्या मुलखातले पाणी आपलेच असते, हे त्याने गृहीत धरले असावे, आणि गृहीत धरलेल्या गोष्टीकडे माणूस पाहत नाही.

लढाई जुंपली तेव्हा पठाण शर्थीने लढले. कोंडी फोडायचे प्रयत्न झाले, दोन्हीकडची माणसे पडली, मराठ्यांनी एक हत्तीही पाडाव केला. पाणी मात्र खानाच्या हाती लागले नाही. शेवटी त्याने प्रतापरावांकडे गुप्तपणे माणूस पाठवला. सभासद सांगतो त्याचा मतलब असा: मी पातशहाच्या हुकमाने आलो, माझे तुमच्याशी वैर नाही, यापुढे तुमच्या वाटेला जाणार नाही. प्रतापरावांना दया आली. त्यांनी वाट मोकळी केली आणि बहलोलखान आपली फौज घेऊन निघून गेला.

पाण्यासाठी तडफडणाऱ्या माणसाला सोडणे हा खटावसारख्या दुष्काळी मुलखातल्या माणसाचा धर्म होता, असे मला वाटते. भोसऱ्याच्या कुडतोजीला तहान म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको होते. पण सरनौबत म्हणून ती चूक होती, आणि महाराजांनी तिला चूकच म्हटले. तह काय म्हणून केलात, असा त्यांचा सवाल होता. त्यांचा राग सकारण होता. हाती सापडलेली विजापूरची मुख्य फौज शाबूत परत गेली होती, आणि आज ना उद्या ती पुन्हा येणार हे उघड होते.

उमराणीपाशी क्षणभर थांबून आजचे एक सांगायला हवे. या तालुक्याची तहान संपलेली नाही. म्हैसाळ योजनेचे पाणी पूर्व भागातल्या गावांपर्यंत पोचावे म्हणून लोक वर्षानुवर्षे मागणी करत आले. शेवटी काही गावांनी, पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो, असे ठराव केले. त्या ठरावांची मुंबईत फारशी कुणी दखल घेतली नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या चाळीस ग्रामपंचायतींचा विषय काढला आणि एका रात्रीत जत सगळ्या वाहिन्यांवर झळकले. मंत्र्यांचे दौरे झाले, योजनेच्या पुढच्या टप्प्याच्या घोषणा झाल्या. राज्याचे लक्ष सीमेवर होते म्हणून सीमेचा शब्द निघताच जत दिसले. तहान त्याआधीही तिथेच होती, रोज डोळ्यांसमोर, टँकरच्या रांगेत उभी. मला याचा राग येतो, आणि तो येणेच योग्य आहे असे मी मानतो.

उमराणीनंतर प्रतापराव स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी हुबळीवर झडप घातली आणि तिथली पेठ लुटली. इंग्रजांच्या वखारीलाही त्याची झळ लागली आणि त्यांचे भरपाईचे तगादे पुढे वर्षानुवर्षे चालले. जुलैअखेर सातारचा किल्ला स्वराज्यात आला. रायगडावर राज्याभिषेकाचे बेत शिजू लागले. आणि बहलोलखान पुन्हा आला. उमराणीला दिलेला शब्द त्याने पाळला नाही. पन्हाळ्याच्या आणि कोल्हापूरच्या बाजूला त्याचा उपद्रव सुरू झाला, तसा महाराजांचा निरोप सुटला: हा बहलोल वारंवार येतो आहे, त्याला बुडवून फत्ते करा, नाही तर आम्हांला तोंड दाखवू नका. सभासदाच्या बखरीत याच अर्थाची नोंद आहे.

या निरोपाने प्रतापरावांच्या मनात काय झाले असेल? खान जिवंत आहे तो केवळ आपल्या दयेमुळे. त्याचा घोडा स्वराज्यात जिथे जिथे टाप टाकतो, तिथे आपलीच चूक टाप टाकते. असा काटा एकदा रुतला की माणसाला दुसरे काही सुचत नाही. राज्याचा सरनौबत, ज्याने आयुष्यभर शत्रूच्या लक्षाचा माग काढला, त्याचेच लक्ष आता एका माणसावर खिळून बसले.

२४ फेब्रुवारी १६७४. खानाची फौज नेसरीच्या बाजूला असल्याची खबर आली. नेसरी आज कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यात येते. प्रतापरावांचे स्मारक तिथे आहे. त्या दिवसाचे जवळच्या काळातले एक वर्णन इंग्रजांच्या कागदांत सापडते. इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याने एप्रिल १६७४ च्या सुरुवातीला पाठवलेल्या पत्रात लिहिले आहे की, दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेले आणि बाकीच्या सैन्याची त्यांना मदत पोचली नाही. पत्रात त्या सहा जणांची नावे नाहीत. ‘मदत पोचली नाही’ या शब्दांवर मी फार वेळ रेंगाळलो आहे. त्यांचा अर्थ इतकाच की सैन्य होते. कुठेतरी मागे, हाकेच्या पलीकडे, पण होते.

काही जण म्हणतात, प्रतापरावांनी जाणूनबुजून मरण पत्करले. महाराजांना तोंड दाखवायचे नाही, मग उरते काय, असा त्यांचा तर्क. मला तो पटत नाही. निरोप खानाला बुडवायचा होता, स्वतः बुडायचा नव्हता, आणि सात घोड्यांनी हजारोंची फौज बुडत नाही हे साल्हेर जिंकलेल्या सेनापतीला कुणी सांगायला हवे होते काय? माझ्या मते खान नजरेच्या टप्प्यात आला आणि त्या क्षणी बाकी सगळे विरून गेले. खिंड किती अरुंद आहे, मागे किती घोडे आहेत, टापांचा आवाज फौजेचा की सहा जणांचा, यांतले काही त्यांच्यापर्यंत पोचलेच नाही.

हे शक्य आहे का? मागे वळून न पाहता, आपल्यामागे फौज नाही हे माणसाच्या ध्यानात येणार नाही, इतके? याचे उत्तर आता प्रयोगांतून मिळते.

जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात एक पोलीस रात्री एका संशयिताच्या मागे धावत होता. संशयित कुंपणावरून उडी मारून गेला, पोलीसही त्याच्यामागे गेला आणि त्याला पकडलेही. त्याच कुंपणाजवळ साध्या वेशातल्या दुसऱ्या एका पोलिसाला, गुन्हेगार समजून, त्याचेच सहकारी बेदम मारत होते. धावणारा त्यांच्या अगदी जवळून गेला होता. चौकशीत तो म्हणाला, मी काही पाहिले नाही. ज्यूरीला ते खरे वाटले नाही. सहकाऱ्यांना पाठीशी घालतो आहे असे मानून त्याला खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरवले गेले. पुढे अनेक वर्षांनी ती शिक्षा रद्द झाली.

डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत याची परीक्षा घ्यायचे ठरवले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका धावणाऱ्या माणसाच्या मागे, थोडे अंतर राखून, धावायला सांगितले. काम एवढेच, तो डोक्याला किती वेळा हात लावतो ते मोजायचे. वाटेच्या कडेला तिघा जणांनी मारामारीचे नाटक केले. दोघे एकाला बदडत होते, ओरडत होते. रात्री धावलेल्यांपैकी जेमतेम ३५ टक्क्यांना ती मारामारी दिसली. मग प्रयोग दिवसाढवळ्या केला, तेव्हाही फक्त ५६ टक्क्यांना. मोजायचे काम जितके अवघड केले, तितकी मारामारी पाहणाऱ्यांची संख्या घटली. ही तरणीताठी, डोळसपणे पळणारी मुले होती. त्यांच्यावर कुणाचा राग नव्हता, पुढच्या माणसाशी वैर नव्हते, तोंड न दाखवण्याचा निरोप नव्हता. केवळ मोजणी होती. प्रतापरावांच्या छातीत काय होते ते या मोजणीशेजारी ठेवून पाहावे.

याच दोघांचा १९९९ चा प्रयोग आता जगभर प्रसिद्ध आहे. पांढऱ्या सदऱ्यातले खेळाडू चेंडू किती वेळा फेकतात ते मोजा, असे सांगून लोकांना एक चित्रफीत दाखवली. मध्येच गोरिलाचा वेश केलेली बाई खेळाडूंच्या मधोमध आली, छाती बडवली आणि निघून गेली. सुमारे निम्म्या लोकांना ती दिसली नाही. २०१३ मध्ये २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टांना फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या. त्यांतल्या काही प्रतिमांत गोरिलाचे चित्र घातले होते, गाठीच्या कितीतरी पट मोठे. २० जणांना ते दिसले नाही. त्यांची नजर कुठे फिरते याची यंत्राने नोंद घेतली होती. न दिसलेल्यांपैकी बहुतेकांचे डोळे ऐन गोरिलावर जाऊन आले होते. डोळे पोचले आणि मन पोचले नाही. म्हणजे कौशल्य, अनुभव, हुशारी यांनी माणूस यातून सुटत नाही. जो आपल्या कामात जितका बुडालेला, तितका तो धोक्यात. भेकड माणूस नेसरीच्या खिंडीत मेला नसता. त्याचे अर्धे लक्ष सदैव परतीच्या वाटेवर असते.

सायमन्सने २०१० मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला, आणि इतिहास लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी तो मनावर घ्यावा असा आहे. गोरिलाची गोष्ट तोवर सर्वांना कळली होती, म्हणून त्याने नवी चित्रफीत बनवली. गोरिला होताच, पण त्याच वेळी मागच्या पडद्याचा रंग बदलत गेला आणि एक खेळाडू चालता चालता निघून गेला. ज्यांना गोरिला येणार हे माहीत होते त्यांनी तो बरोबर टिपला. पडदा आणि खेळाडू मात्र त्यांच्यातल्या बहुतेकांच्या नजरेतून सुटले.

नेसरीचे सात वीर हे आपल्यापैकी प्रत्येकाने टिपले आहेत. कुसुमाग्रजांची कविता, मंगेशकरांचे सूर, शाळेतली भाषणे. महाशिवरात्रीच्या त्या दौडीने महाराष्ट्राची छाती अजून भरून येते, माझीही येते. पण तिच्यावर डोळे लागल्यामुळे मागचा पडदा कुणी पाहत नाही. प्रतापरावांचे खरे सेनापतिपद उमराणीला दिसते. त्या दिवशी त्यांनी खानाकडे न पाहता खानाच्या पाण्याकडे पाहिले, आणि थोड्या रक्तात विजापूरची फौज गुडघ्यावर आणली. हे युद्धशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात शोभणारे काम आहे. त्यांच्या नावाने व्याख्याने होतात तेव्हा त्यात उमराणीला अर्धे वाक्य मिळते, तेही खानाला सोडल्याचा दोष सांगण्यापुरते. जतच्या मुलांनी आपल्या तालुक्यात काय घडले ते शिकावे, आणि ज्या मातीत ते घडले तिथे उभे राहून शिकावे, असे मला फार वाटते.

आणि नेसरीच्या पडद्याआडून निघून गेलेला खेळाडू म्हणजे आनंदराव.

सरनौबत पडल्यावर मागची फौज सैरभैर झाली असती तर नवल नव्हते. आनंदरावाने ती सावरली. महाराजांनी त्याला प्रतापरावांच्या जागी काम पाहायला सांगितले आणि शत्रूचा मोड केल्याशिवाय परतू नकोस असे लिहिले. शब्द जवळजवळ तेच, जे प्रतापरावांना गेले होते. आनंदरावाने ते वेगळ्या डोळ्यांनी वाचले. बहलोलखान आणि मुघलांचा दिलेरखान दोघेही त्याच्या पाठलागावर निघाले होते. तो त्यांच्यावर चालून गेला नाही, त्यांच्यापासून दूर, दक्षिणेला कर्नाटकात पळत सुटला. मराठी घोड्यांच्या चालीला दोन्ही खान टिकले नाहीत. माग सोडून ते कोल्हापूरकडे वळले आणि पुढे आपापल्या ठिकाणी गेले.

बंकापूरच्या बाजूचे संपगाव ही बहलोलखानाच्या जहागिरीतली भरलेली पेठ. खानाचे लक्ष कोल्हापूर-पन्हाळ्याकडे असताना मार्चच्या उत्तरार्धात आनंदरावाने ती लुटली. लुटीचा अंदाज इंग्रजांच्या कागदांत दीड लाख होनांचा आहे. खान आणि त्याचा साथीदार खिजरखान यांनी परतीच्या वाटेवर त्याला अडवायचा प्रयत्न केला, तेव्हा आनंदरावाने त्यांचा पराभव केला आणि घोडे आणि हत्ती घेऊन तो सुखरूप माघारी आला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ८ एप्रिल १६७४ रोजी, महाराजांनी चिपळूणला लष्कराची पाहणी केली आणि कऱ्हाडजवळच्या तळबीडच्या हंसाजी मोहित्यांना हंबीरराव हा किताब देऊन सरनौबत नेमले. दोन महिन्यांनी रायगडावर राज्याभिषेक झाला.